रोमान्स व्हिज्युअल नॉव्हेल खेळताना सेव्ह, निवडी आणि रूट यांचा नेमका क्रम

‘शेवटच्या निवडीतले सगळे पर्याय घेऊन पाहिले, तरी तोच वाईट शेवट येतो. गेम बिघडलाय का?’ नव्यानं खेळणारे हा प्रश्न सतत विचारतात. गेम बहुतेक वेळा ठणठणीत असतो. ज्या निवडीनं शेवट ठरला ती काही तासांपूर्वी होऊन गेलेली असते, आणि तिच्या आधीचं सेव्ह शिल्लक नसतं. या लेखातला सगळा क्रम त्या एका चुकीपासून वाचण्यासाठी आहे.

लेख प्रौढांसाठीच्या, म्हणजे १८ वर्षांवरच्या वाचकांच्या रोमान्स व्हिज्युअल नॉव्हेलबद्दल आहे: चित्रांसोबत संवाद वाचत, मध्येमध्ये निवडी करत खेळायच्या प्रेमकथा. सगळ्यांना सारखा असलेला सुरुवातीचा भाग म्हणजे कॉमन, आणि त्यातून फुटणारी एकेका पात्राच्या प्रेमकथेची वाट म्हणजे रूट. बटणं आणि मेनू रेनपाय या इंजिनाचे, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरचे दिले आहेत, कारण संगणकावरचे बरेच इंग्रजी गेम त्यावरच बनतात. दुसऱ्या इंजिनात बटणं बदलतील, क्रम बदलणार नाही.

## टप्पा १: घेण्याआधी तीन गोष्टी पाहा

पात्रांचं वय आणि आशय. गेमच्या पानावर आशयाची सूचना असते ती पूर्ण वाचा. रोमान्स असं लिहिलेलं असलं तरी आत खून, जबरदस्ती, आत्महत्या असे विषय असू शकतात. ‘कॉलर × मॅलिस’ हा प्रेमकथेचा गेम आहे, पण त्याची नायिका पोलीस आहे आणि कथा शिंजुकूमधल्या हत्यासत्राभोवती फिरते. हलकंफुलकं काहीतरी हवं म्हणून तो उघडलात तर चुकीच्या दिवशी चुकीचा गेम हाती येईल.

पात्रं प्रौढ आहेत असं स्पष्ट लिहिलेलं नसेल किंवा चित्रांवरून शंका येत असेल, तर तो गेम सोडून द्या. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब मुलांच्या लैंगिक चित्रणाला लागू होतं आणि त्यात नुसतं शोधणं, डाउनलोड करणंही येतं. इथे तडजोड नको.

हा कितवा भाग आहे? ‘हाकुओकी’ संगणकावर दोन भागांत आला: ‘क्योतो विंड्स’ २०१७ मध्ये आणि ‘एडो ब्लॉसम्स’ २०१८ मध्ये. पहिला भाग कथेच्या मध्यावर थांबतो, पुढचं दुसऱ्यात. सवलतीत दिसला म्हणून आधी दुसरा घेणारे खूप असतात, आणि मग माणसं कोण, भांडण कशाचं, काही कळत नाही. ‘कॉलर × मॅलिस’च्या ‘अनलिमिटेड’चंही तसंच. ती मूळ गेमनंतरची जोडकथा आहे, सुरुवात तिथून करू नका.

लांबी. व्हीएनडीबी या व्हिज्युअल नॉव्हेलच्या डेटाबेसवर गेमची अंदाजे लांबी मिळते. तिथे २ तासांच्या आतला गेम अतिलघु, २ ते १० तासांचा लघु, १० ते ३० चा मध्यम, ३० ते ५० चा दीर्घ आणि त्यापुढचा अतिदीर्घ धरतात. पहिला गेम १० तासांच्या आतला घ्या. शाखा म्हणजे काय हे हाताला कळायला एक गेम पूर्ण संपवावा लागतो, आणि पन्नास तासांचा गेम पहिल्यांदा कोणी संपवत नाही. त्याच साइटवर स्पॉइलर, म्हणजे कथेतली रहस्यं आधीच फोडणारा मजकूर, लपवण्याची सोय आहे. पान वाचण्याआधी ती चालू आहे ना, ते बघा.

> सावधान: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात परतावा मिळतो तो खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तरच. व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये दोन तासांत जेमतेम प्रस्तावना संपते. गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही मोजला जातो. आवडतोय का, हे पहिल्या तासातच ठरवा.

प्रौढांसाठीचे गेम स्टीमवर मुळात लपवलेले असतात. ते दिसायला खात्याच्या पसंतींमध्ये जाऊन परवानगी चालू करावी लागते. सर्च करून गेम सापडला नाही म्हणून कुठल्यातरी अनोळखी साइटवरून झिप फाइल उतरवू नका. स्टीम, इच डॉट आयओ किंवा खुद्द निर्मात्याचं पान, एवढेच मार्ग ठेवा. स्टीमवर यूपीआय चालतं, त्यामुळे कार्ड नाही हे कारणही उरत नाही.

## टप्पा २: इन्स्टॉल, पॅच, आणि मगच नवा गेम

काही गेम दुकानात सौम्य रूपात मिळतात आणि प्रौढ आशयाचा पॅच, म्हणजे गेममध्ये भर घालणारी फाइल, प्रकाशकाच्या साइटवरून वेगळा घ्यावा लागतो. इथे क्रम फार महत्त्वाचा:

१. गेम इन्स्टॉल करा आणि एकदा उघडून मुख्य मेनूपर्यंत जा. मूळ गेम चालतो याची खात्री झाली की बंद करा.
२. गेमच्या आवृत्तीचा क्रमांक आणि पॅचच्या आवृत्तीचा क्रमांक जुळतो का ते पाहा.
३. पॅचसोबतची सूचना वाचून फाइल सांगितलेल्या जागी ठेवा. रेनपायच्या गेममध्ये ती जागा बहुधा ‘गेम’ नावाचं आतलं फोल्डर असतं. बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकली तर काहीच होत नाही, आणि पॅच खराब आहे असं वाटतं.
४. गेम पुन्हा उघडा आणि पहिल्यापासून नवा खेळ सुरू करा.

अर्धा गेम खेळून झाल्यावर पॅच टाकणं ही नेहमीची चूक आहे. पॅचमुळे संवादांची रचना बदलते, जुनं सेव्ह भलत्याच ओळीवर उघडतं किंवा उघडतच नाही.

घरात संगणक सगळ्यांचा असेल तर स्वतःचं वेगळं विंडोज खातं करा. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर उजवी क्लिक करून तो खासगी करता येतो. मग तुम्ही काय खेळता हे मित्रांच्या यादीत दिसत नाही. ही सोय पहिल्यांदा गेम चालवण्याच्या आधी वापरा, नंतर नव्हे.

## टप्पा ३: पहिली ओळ वाचण्याआधीच्या सेटिंग

प्रेफरन्सेस उघडा. स्किप, म्हणजे मजकूर झटपट पुढे पळवणं, या शीर्षकाखाली तीन खुणा असतात.

- ‘अनसीन टेक्स्ट’ बंद ठेवा. ती बंद असली की स्किप फक्त वाचून झालेला मजकूर पळवतं आणि नवी ओळ आली की आपोआप थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सगळी मदार या थांबण्यावर असते. ती चालू राहिली तर न वाचलेला अख्खा प्रसंग डोळ्यांदेखत निघून जातो.
- ‘आफ्टर चॉइसेस’ पहिल्या फेरीत बंदच असू द्या.
- ‘ट्रान्झिशन्स’ नुसतं दृश्यांच्या बदलाबद्दल आहे, आवडीप्रमाणे ठेवा.

मजकुराचा वेग तात्काळ ठेवलेला बरा. इंग्रजीत वाचताना अक्षर अक्षर उमटत गेलं की वाक्याचा अर्थ तुटतो.

आता ही बटणं एकदा दाबून पाहा: कंट्रोल दाबून धरलं की स्किप, टॅबनं स्किप चालू-बंद, एच दाबलं की संवादाची चौकट नाहीशी होऊन पूर्ण चित्र दिसतं, माउसचं चाक वर फिरवलं की मागच्या ओळींवर जाता येतं, आणि एस्केप म्हणजे मेनू. कंट्रोल दाबून धरायची सवय असलेल्यांनी इथे सांभाळावं. ‘अनसीन टेक्स्ट’ची खूण चुकून चालू असेल तर सगळ्यात जास्त नुकसान याच बटणानं होतं.

> तपासा: नवा गेम सुरू करून कंट्रोल दाबून धरा. मजकूर जागचा हलला नाही तर सेटिंग बरोबर आहे.

## टप्पा ४: सेव्हची मांडणी

हा टप्पा घाईत उरकू नका. बाकी सगळं चुकलं आणि एवढं जमलं, तरी गेम हातात राहतो.

रेनपायच्या नेहमीच्या सेव्ह पडद्यावर एका पानावर सहा खाने असतात. वर पानाचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की ते बदलता येतं, आणि बहुतेकांना हे वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. खेळ सुरू होण्याआधीच पानांना नावं द्या: पहिलं ‘कॉमन’, दुसरं ज्या पात्राचा रूट आधी घेणार त्याचं, तिसरं पुढच्याचं.

मग नियम एकच: प्रत्येक निवडीच्या पडद्यावर, पर्याय समोर दिसत असताना, नव्या खान्यात सेव्ह. निवड झाल्यावर नव्हे, आणि जुन्या खान्यावर तर मुळीच नव्हे. पर्याय दिसत असताना सेव्ह केलं की छोट्या चित्रातही ते दिसतात, त्यामुळे महिन्याभरानंतरही कुठला खाना कशाचा ते ओळखू येतं. कॉमनचं एक पान भरलं तर पुढचं पान ‘कॉमन २’ करा. जागेची काटकसर करायचं कारण नाही, या फाइल अगदी छोट्या असतात.

सोबत एक वही किंवा फोनवरची नोंद ठेवा. ‘पान १, खाना ३: गच्ची की वाचनालय. वाचनालय घेतलं.’ एवढंच. कोणता पर्याय घेतला होता हे सेव्हमध्ये दिसत नाही, आणि चौथ्या फेरीत नेमकं तेच आठवत नाही.

ऑटो सेव्ह आणि क्विक सेव्ह यांच्या भरवशावर राहू नका. त्यांचे खाने फिरते असतात, नवं आलं की सगळ्यात जुनं पुसलं जातं. ते वीज गेली तर कामाला येतात, शाखांसाठी नाही.

माउसच्या चाकानं मागे जाण्याचीही मर्यादा समजून घ्या. रेनपायमध्ये साधारण १०० पायऱ्यांपर्यंतच मागे जाता येतं, आणि काही निर्माते निवडीपाशी ही सोय मुद्दाम बंद करतात. एखादं उत्तर चुकून क्लिक झालं तर चाक वापरा. तीन प्रसंग मागची निवड बदलायला सेव्हच लागेल.

> तपासा: तिसरी निवड झाली की थांबा. पहिल्या पानावर तीन वेगवेगळे खाने भरलेले दिसतात का? दोनच दिसत असतील तर एकावर दुसरं लिहिलं गेलंय. आत्ताच नवा खेळ सुरू करा, पंधरा मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ५: पहिली फेरी, वॉकथ्रूशिवाय

निवडी सगळ्या सारख्या नसतात. काही नुसत्या रंगापुरत्या: पुढची दोन वाक्यं बदलतात, बाकी काही नाही. काही गुण देतात: अमुक पात्राची ओढ एकानं वाढते. काही खूण ठेवतात: दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या पत्राबद्दल विचारलं होतं का, हे गेम लक्षात ठेवतो आणि शेवटच्या दिवशी तपासतो. आणि काही कुलूप लावतात: इथून पुढे रूट ठरला.

समजा एका गेममध्ये कॉमन भागात आठ निवडी आहेत. प्रत्येक निवड मीरा किंवा तन्वी यांपैकी एकीला एक गुण देते. कुणाचाही रूट उघडायला पाच गुण लागतात. तुम्ही दोघींनाही नाराज न करता आलटूनपालटून दोघींच्या बाजूनं उत्तरं दिलीत. दोघींचे चार-चार गुण झाले, रूट एकीचाही उघडला नाही, आणि तुम्ही एकट्यानं संपणाऱ्या शेवटाला पोचलात. शेवटच्या पडद्यावर कितीही वेळा पर्याय बदला, काही फरक पडणार नाही. चूक त्या आठ निवडींमध्ये आहे: त्यातली कुठलीही एक बदलली असती तर एकीचे पाच गुण झाले असते.

म्हणून पहिली फेरी अशी खेळा:

१. पहिल्या तासाभरात कुणाकडे ओढ वाटते ते ठरवा, आणि मग त्याच एका व्यक्तीला धरून राहा. सगळ्यांशी गोड राहायचं नाही.
२. ‘कुठे जायचं’ आणि ‘कुणासोबत जायचं’ या निवडी ‘काय बोलायचं’पेक्षा जड समजा. रूट ठरतात ते बहुधा या निवडींवर.
३. उत्तर देताना समोरच्याचा स्वभाव बघा. आपल्याकडे वाढलेल्या माणसाचा हात आपसूक सभ्य, नमतं घेणाऱ्या उत्तराकडे जातो. पण ज्या पात्राला थेट बोलणारी माणसं आवडतात त्याला तुमचं ‘चालेल, तुला हवं तसं’ आवडत नाही. प्रसंगात ते पात्र कुणाशी मोकळं होतं, कशावर चिडतं, हे वाचलं तर उत्तर बहुतेकदा मजकुरातच असतं.
४. घड्याळ लावलेली निवड आली तर आधी मेनू उघडून वेळ थांबते का ते पाहा. काही गेममध्ये काहीच न निवडणं हेही उत्तर धरलं जातं.
५. वाईट शेवट आला तरी तो पूर्ण वाचा. काही गेममध्ये खरा शेवट उघडायला तो पाहिलेला असावा लागतो.

पहिल्याच फेरीला वॉकथ्रू, म्हणजे कुठे काय निवडायचं याची तयार यादी, उघडू नका, असं मी आग्रहानं सांगेन. यादीवरून टिचक्या मारत गेलात तर गेममध्ये प्रेमात पडणं हा भागच उरत नाही. निवडीपाशी थांबून ‘हिला काय वाटेल’ असा विचार करणं हाच या प्रकाराचा गाभा आहे. हिरव्या खुणांची यादी समोर असली की तो विचार आपण करतच नाही.

## टप्पा ६: रूट लागला का, हे ओळखा

काही गेम उघडपणे सांगतात. ‘हाकुओकी’मध्ये निवडीनं जवळीक वाढली की पडद्यावर चेरीची फुलं उमलतात. ‘ड्रीम डॅडी’मध्येही उत्तर आवडलं की नाही हे लगेच चित्रातून दिसतं. बाकी गेममध्ये खुणा शोधाव्या लागतात: प्रकरणाच्या नावात पात्राचं नाव येतं, संगीत बदलतं, बाकीची पात्रं सलग दोन प्रसंग दिसेनाशी होतात.

रूट लागला असं वाटताच पात्राच्या पानावर पहिल्या खान्यात सेव्ह करा. तो खाना कधीही पुसू नका.

कॉमन भाग संपत आला आणि कुणाचीच खूण नाही, तर पुढे ढकलत नेऊ नका. नोंदी काढा, पाठोपाठ दोन वेगळ्या व्यक्तींच्या बाजूनं उत्तरं दिलेली जागा शोधा, आणि तिथल्या सेव्हवर परत जा.

## टप्पा ७: दुसरी फेरी आणि बाकीचे शेवट

आता दोन कामं असतात, आणि ती एकत्र केली की गोंधळ होतो. आधी त्याच पात्राचे उरलेले शेवट संपवा. दुसऱ्या पात्राकडे त्यानंतर वळा.

त्याच पात्रासाठी: रूटमधल्या सर्वात शेवटच्या निवडीपासून मागे या. शेवटचं सेव्ह उघडा, दुसरा पर्याय घ्या, टॅब दाबा. स्किप थांबलं तिथे नवा मजकूर आहे, वाचा. काहीच नवं आलं नाही तर त्याच्या आधीचं सेव्ह. असं मागे मागे येत राहिलात तर प्रत्येक फांदी एकदाच पाहावी लागते. सुरुवातीपासून पुढे येत गेलात तर तेच प्रसंग पुन्हा पुन्हा पळवावे लागतात.

दुसऱ्या पात्रासाठी: कॉमनच्या पहिल्या सेव्हवर या, आणि नव्या पानावर नव्यानं सेव्ह करत जा. जुनं कॉमन पान तसंच राहू द्या. इथे ‘आफ्टर चॉइसेस’ चालू केलं तरी चालतं, म्हणजे निवड झाल्यावरही स्किप सुरू राहतं.

> सावधान: स्किप न वाचलेल्या ओळीवर थांबतं, पण ती ओळ महत्त्वाचीच असेल असं नाही. कधी एका शब्दाचा बदल असतो. थांबलं की दोन-तीन ओळी वाचा, ओळखीचं पुन्हा सुरू झालं तर टॅब.

कुलूपबंद रूटही लक्षात ठेवा. ‘कॉलर × मॅलिस’मध्ये यानागीचा रूट बाकीच्या चौघांचे संपल्याशिवाय उघडत नाही. तो न मिळाल्यामुळे कॉमन भाग पुन्हा पुन्हा खेळत बसणाऱ्यांचे कित्येक तास वाया जातात. एखादं पात्र पोस्टरवर मोठं दिसतं पण कथेत त्याच्या बाजूची निवडच येत नाही, तर ते कुलूपबंद असण्याचीच शक्यता जास्त. आधी बाकीचे संपवा.

## टप्पा ८: अडकल्यावर वॉकथ्रू कसा वापरायचा

प्रामाणिक दोन प्रयत्नांनंतर वॉकथ्रू जरूर उघडा. पण तो तुमच्याच आवृत्तीचा आहे का, ते आधी पाहा. हातातल्या गेमपेक्षा जुनी यादी असेल तर निवडींची संख्याच जुळणार नाही.

पूर्ण यादी वाचू नका. आपली नोंद शेजारी ठेवा आणि फक्त पहिला फरक शोधा. तिथलं सेव्ह उघडा, ती एक निवड बदला, आणि पुढचं पुन्हा स्वतःच्या अंदाजानं खेळा. एक हरवलेली खूण सापडली की बाकीचं बऱ्याचदा आपोआप जुळतं.

यादीप्रमाणे सगळं करूनही शेवट येत नसेल, तर कारण बहुधा हे असतं: तुम्ही मधल्या सेव्हवरून सुरुवात केलीत आणि यादी पहिल्या निवडीपासून धरते. आधीचे गुण तुमच्या सेव्हमध्ये जसे होते तसेच राहतात.

## टप्पा ९: नव्या आवृत्तीआधी प्रत

प्रौढांसाठीचे बरेच गेम हप्त्याहप्त्यानं प्रसिद्ध होतात. नवा हप्ता आला की जुनी सेव्ह चालतीलच असं नसतं. संवादाच्या मध्येच केलेलं सेव्ह सर्वात आधी मोडतं. हप्ता संपताना निर्माता ‘इथे सेव्ह करा’ असं सांगतो ती जागा पकडा, आणि तिथलं सेव्ह प्रत्येक रूटचं वेगळं ठेवा.

विंडोजवर रेनपायची सेव्ह ॲपडेटामधल्या रोमिंग फोल्डरात, रेनपाय नावाच्या फोल्डरमध्ये असतात. ॲपडेटा लपलेलं असतं, त्यामुळे आधी एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स दाखवायला सांगा. तुमच्या गेमच्या नावाचं अख्खं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. नुसत्या सेव्ह फाइल घेऊ नका. तिथेच ‘पर्सिस्टंट’ नावाची फाइल असते. कोणता मजकूर वाचून झाला, गॅलरीतली कोणती चित्रं उघडली, कोणते शेवट पाहिले, हे सगळं तिच्यात असतं. ती गेली तर सेव्ह उघडतील, पण स्किपला प्रत्येक ओळ नवी वाटेल आणि उघडलेला रूट पुन्हा कुलूपबंद होऊ शकेल.

अँड्रॉइडवर ॲप काढून टाकलं की त्यासोबत सेव्हही जातात. नवी आवृत्ती जुनीच्या वरच इन्स्टॉल होते का ते पाहा. होत नसेल तर जुनं ॲप काढण्याआधी सेव्हची प्रत बाहेर घ्या.

> तपासा: प्रत घेतल्यावर त्या फोल्डरात ‘पर्सिस्टंट’ दिसते का, आणि शेवटच्या सेव्ह फाइलची तारीख आजची आहे का. दोन्ही बरोबर असेल तर नवी आवृत्ती टाका, आणि जुनं फोल्डर नवा हप्ता पूर्ण खेळून होईपर्यंत पुसू नका.